दौलू मास्तर आणि थीब्जचा राजा

हा लेख सुडाचा आहे, हे आधीच सांगून टाकतो. दौलू मास्तर जाऊन दीड महिना झाला. एवढ्या दिवसांत त्याच्याबद्दल बरंच गोडगोड बोललं गेलं, आणि ज्यांनी त्याला शाळेतून हाकललं तेच सगळ्यांत गोड बोलले. मी चित्रकलेचा शिक्षक, आयुष्यभर खडू आणि ब्रश धरलेला माणूस. पण आता गप्प बसवत नाही. त्याची माझी शेवटची भेट सरकारी दवाखान्यात झाली, जिन्याजवळच्या खाटेवर. चौदा वर्षं एक गोष्ट मी त्याच्यापासून लपवली होती आणि त्या दुपारी ती कबूल करायचीच, असं ठरवून गेलो होतो. घसा खाकरला, खुर्ची पुढं ओढली... तेवढ्यात तोच म्हणाला, "हसन्या, मर्दा, तोंड का पाडलंयस? मरतोय मी का तू?" मी हसलो, आणि झालं, धीर गेला. बोलणं म्हशींच्या वैरणीवर गेलं, माझ्या गुडघ्यावर गेलं. उद्या सांगू म्हणून मी उठलो. दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो तर खाट मोकळी होती आणि त्याची बायको, हौसावहिनी, जिन्याच्या पायरीवर बसल्या होत्या. "भावजी, गेलं," एवढंच म्हणाल्या आणि पदर सावरून माझ्यासाठी पायरीवर जागा केली.

दौलू जातीचा गवळी आणि इतिहासाचा एम.ए. त्या काळी शाळेत ही जोडी कुणाला झेपायची नाही. पहाटे तो आपल्या म्हशी घेऊन कट्ट्यावर जायचा. बाहेरगावच्या वाचकांना सांगायला हवं, आमच्या कोल्हापुरात म्हशी रस्त्याकडेच्या कट्ट्याशी आणून गिऱ्हाइकासमोर पिळतात आणि तालमीतून आलेले पैलवान, पेठेतले म्हातारे फेसाळ दूध उभ्या उभ्या पितात. ते उरकलं की दौलू अंघोळ करून, पांढरा शर्ट घालून अकराच्या घंटेला वर्गात हजर. कितीही साबण लावला तरी हाताला गोठ्याचा वास राहायचाच. शिक्षकांच्या खोलीत दोघंतिघं नाकाला रुमाल लावायचे. दौलू मुद्दाम त्यांच्याशीच हात मिळवायचा. माझी त्याची दोस्ती अशाच एका सकाळी झाली. मी नवा होतो, त्यानं हात पुढं केला, मी धरला आणि सोडायचं विसरून गप्पा मारत राहिलो. माझे हात टर्पेंटाइनचा वास मारायचे, मी कुणाला नावं ठेवणार?

आठवीच्या इतिहासात इजिप्तला दोनच पानं होती. पिरॅमिड, नाईल, ममी, संपलं. मध्ये एक वाक्य होतं की काही काळ तिथं हिक्सोस नावाच्या परकीयांनी राज्य केलं. बाकीचे शिक्षक त्या वाक्याखाली मुलांना रेघ मारायला लावून पुढं जायचे, दौलू तिथं तीन दिवस मुक्काम ठोकायचा. मी माझा मोकळा तास त्याच्या वर्गाबाहेर उभा राहून काढत असे. उत्तरेला हिक्सोसांचा राजा अपोफिस. दक्षिणेला थीब्ज नावाच्या शहरात तिथल्याच मातीतला राजा, सेकेनेनरे, त्यांचा मांडलिक. एक दिवस उत्तरेहून जासूद येतो. निरोप काय, तर तुझ्या तळ्यातले पाणघोडे फार ओरडतात, मला रात्रंदिवस झोप लागत नाही, त्यांना हटव. मुलं हसायची. दौलू नकाशावर दोन बोटं ठेवायचा. रंगात आला की त्याची घरची भाषा सुटायची. "बगा किती लांब हाय! कोल्लापुरात म्हशी वराडल्या आन नागपुरात ह्येची झोप मोडली, व्हय रं? ह्येला झोप नको हुती. ह्येला राजा वाकल्याला बगायचा हुता." राजा बराच वेळ गप्प बसतो. मग आपल्या सरदारांना बोलावून निरोप ऐकवतो. तेही गप्प... आणि गोष्ट तिथंच थांबते, कारण ज्या जुन्या कागदावर ती सापडली तो पुढं फाटलेला आहे. "पुढं काय झालं, सर?" कुणीतरी विचारायचंच. त्याचीच वाट पाहत असल्यासारखा दौलू कपाळावर बोट टेकायचा. "फुडचं कागदावर न्हाय. फुडचं कवटीवर हाय."

कारण त्या राजाची ममी सापडली आहे. कपाळावर कुऱ्हाडीचा घाव, गाल फुटलेला, कानामागं आणखी एक. प्रेत घाईघाईत गुंडाळलेलं. आणि हातांवर मात्र ओरखडा नाही. त्यानं हात वर केलेच नाहीत, की त्याला करू दिले नाहीत, यावर दौलू मुलांत वाद लावून द्यायचा. राजा पडला तरी बंड पडलं नाही. त्याच्याच घरातला कामोस लढला, तोही गेला. मग धाकटा अहमोस मोठा झाला आणि त्यानं हिक्सोसांची राजधानी घेऊन त्यांना देशाच्या हद्दीबाहेर पिटाळलं. "पर ज्यानं सुरू केलं त्येला ह्ये बगायला मिळालं न्हाय," दौलू म्हणायचा आणि पुस्तक मिटायचा. मी बाहेर व्हरांड्यात उभा, मुठी आवळलेला. मला मात्र वाटायचं, तो अपोफिस हाती लागायला हवा होता. मी मुळातच सुडाचा माणूस आहे.

तर आमचा अपोफिस सन सत्तरच्या आसपास आला. पेठेतल्या चार जाणत्या माणसांनी काढलेली शाळा, तिच्या संस्थेत एका निवडणुकीत सगळं मंडळ उलटलं आणि नवे अध्यक्ष बसले. त्यांचं नाव मी लिहिणार नाही. इजिप्तमध्ये ज्याच्यावर दात असे त्याचं नाव दगडावरून छिन्नीनं खरवडून टाकत, असं दौलूनंच सांगितलं होतं. माझ्याकडे छिन्नी नाही, पण हा कागद माझा आहे. अध्यक्षांचा पुतण्या नववीत होता. वार्षिक परीक्षेत त्यानं इतिहासाच्या उत्तरपत्रिकेवर बैल काढला होता. बैलही वाईट काढला होता, हे मी चित्रकलेचा शिक्षक म्हणून सांगतो. दौलूनं भोपळा दिला. वरून निरोप आला, पास करा. दौलू म्हणाला, बैल पास करायचा अधिकार चित्रकलेकडं हाय. महिन्याभरात शिपाई लेखी हुकूम घेऊन आला. आपल्या गोठ्याचा वास कार्यालयापर्यंत येतो, शाळेच्या प्रतिष्ठेला बाधा येते, तरी वर्षअखेरपर्यंत म्हशी विकाव्यात, अन्यथा नोकरीचा विचार करावा. गोठा शाळेपासून दोन मैल! मधे अख्खी बाजारपेठ, एक नाला आणि मिरचीचं कांडप. मी शिव्या घालत होतो आणि दौलू कागद हातात धरून हसत होता, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "हसन्या, वाच की लेका! सायबाला आपल्या पाणघोड्याचा तरास हुतोय."

त्याच आठवड्यात त्यानं नाटुकलं लिहायला घेतलं. स्नेहसंमेलनात शिक्षकांची एकांकिका व्हायचीच, त्या वर्षी थीब्जच्या राजाची ठरली. हेडमास्तरांना वाटलं, अभ्यासक्रमातला विषय आहे, छानच. राजा स्वतः दौलू. पडदे माझे: एकावर नाईल, एकावर देवळाचे खांब. अपोफिसच्या सिंहासनाला मी अध्यक्षांच्या खुर्चीसारखेच सिंहमुखी हात काढले आणि हे कुणाला सांगितलं नाही. शेवटच्या प्रवेशात पाणघोडा हवा होता. दौलू म्हणाला, चंद्री हाय की. चंद्री म्हणजे त्याची लाडकी म्हैस. दिवाळीच्या पाडव्याला आमच्याकडे गवळी म्हशी सजवून मिरवतात, मालक पुढं पळत हाळी देतो आणि म्हैस गर्दी फोडून त्याच्या मागं धावत जाते. या कसबात चंद्रीचा हात, म्हणजे पाय, कुणी धरत नव्हतं. मी तिला राखेनं करडी केली, शिंगांवर गोणपाट गुंडाळून गोल थोबाड चढवलं. बेत असा की तिला मैदानाच्या मागं, पाण्याच्या टाकीजवळ खुंटीला बांधायचं आणि शेवटी दोघांनी धरून प्रेक्षकांमधल्या वाटेनं शांतपणे रंगमंचाकडं न्यायचं. ती वाट सरळ पुढच्या सोफ्यांवर जात होती. मधल्या सोफ्यावर अध्यक्ष बसणार होते. चंद्रीला बांधायचं काम माझ्याकडे होतं.

आता ते सांगतो, जे दवाखान्यात सांगू शकलो नाही. मधल्या प्रवेशात राजा जासुदाला ओरडून उत्तर देतो, हे मला पाठ होतं. दौलू ओरडला की तो पाडव्याच्या हाळीच्याच आवाजात ओरडणार, हे तालमीत ऐकलं होतं. आणि तो आवाज ऐकला की चंद्री कुठंही असली तरी सुटणार, हेही माहीत होतं. मी दाव्याची गाठ अशी मारली की एका हिसक्यात निसटावी. पूर्ण शुद्धीत मारली. नंतर पुढं येऊन पडद्याच्या बाजूला उभा राहिलो, कारण मला अध्यक्षांचं तोंड जवळून बघायचं होतं. संध्याकाळ झाली होती, मैदान भरलं होतं. जासूद निरोप वाचून थांबला. दौलू सिंहासनाच्या रोखानं पुढं आला आणि गरजला, "माझ्या पाण्यातली जनावरं माझी हायत!" मागून एक बाई किंचाळली. मग माणसं दोन्ही बाजूंना फाकत गेली आणि मधल्या वाटेनं चंद्री आली, थोबाड एका कानावर लोंबत, राख उडवत. सोफा उलटला. अध्यक्ष हार गळ्यात असताना उताणे पडले, दोन्ही पाय आभाळाकडे. खरचटलंसुद्धा नाही त्यांना. म्हैस त्यांना ओलांडून रंगमंचाच्या कडेशी गेली आणि दौलूचा हात चाटू लागली. सगळं मैदान हसत होतं, पोरं शिट्ट्या मारत होती, अध्यक्षांच्या मंडळातले दोघंही तोंड फिरवून हसत होते. तसा आनंद मला आयुष्यात पुन्हा झाला नाही. आजही झोपताना मी ते पाय आठवतो.

हसत नव्हता तो फक्त दौलू. चौकशी आठच दिवसांत लागली. अध्यक्षांनी त्याला साधा पर्याय दिला. जनावर मुद्दाम सोडलं असं लिहून द्या, माफी मागा, म्हशी विका, नोकरी राहील. दौलू म्हणाला, "मी सोडली न्हाय. जे क्येलंच न्हाय त्येची माफी कशापायी मागू?" म्हैस बांधली कुणी, असं विचारलं. तो म्हणाला, "म्हस माझी हाय. आनखी काय पायजे?" मग मला आत बोलावलं. मी पुढं ठेवलेल्या खुर्चीत बसलो. समोर अध्यक्ष, उजव्या हाताला दौलू. मला विचारलं, तुम्हाला याबद्दल काही माहीत आहे? भाड्याचं घर होतं, तीन मुलं होती, ब्रशशिवाय दुसरं काही येत नव्हतं... ही सगळी कारणं मी नंतर शोधली. त्या क्षणी फक्त भीती होती. मी म्हणालो, "नाही." दौलूनं माझ्याकडे पाहिलंही नाही. आठवड्यानं त्याला काढून टाकल्याचं पत्र मिळालं. सूड मी घेतला आणि घाव त्याच्या कपाळावर बसला.

पुढची चौदा वर्षं तो कट्ट्यावर होता. कज्जेदलाली केली नाही, कुणाच्या दारात गेला नाही. म्हैस पिळता पिळता गिऱ्हाइकांना इतिहास सांगायचा. पैलवान मंडळी कान देऊन ऐकायची, शिरोळकडचे व्यापारी एस.टी. चुकवायचे. "मग मास्तर, त्या राजाचं काय झालं?" "कवटी बगाय पायजे पावणं, कवटी," आणि धार सुरू. मी रोज जायचो. शाळेत माझा पगार वाढत गेला, मी निवृत्त झालो, शाल-श्रीफळ घेतलं, तेही त्याच अध्यक्षांच्या हातून. त्या दिवशी त्यांच्या हातातला नारळ त्यांच्याच डोक्यात घालावा असं फार वाटलं. घेतला, नमस्कार केला, घरी आलो. कट्ट्यावर दौलूनं विचारलं, "काय म्हंतोय अपोफिस?" मी म्हटलं, म्हातारा झालाय. "व्हऊ दे," तो म्हणाला, "त्यो बी व्हतोय, आमी बी व्हतोय."

तो गेल्यावर सोळाव्या दिवशी शाळेच्या सभागृहात शोकसभा झाली. बोलावणारे त्याचे जुने विद्यार्थी, पण संस्थेचा मान म्हणून माजी अध्यक्ष व्यासपीठावर. ते काठी टेकत उठले आणि बोलले. दौलतराव माझे परममित्र होते. तरुणपणी त्यांच्या हातून एक प्रमाद घडला, पण मनाचा एवढा मोठा माणूस की मला माफीचं पत्र लिहिलं आणि मीही मोठ्या मनानं क्षमा केली... मी तिसऱ्या रांगेत होतो. उभा कधी राहिलो ते कळलं नाही. "दावं दौलूनं सोडलं नव्हतं," मी ओरडलो. "गाठ मी तशी मारली होती. मी. तुमच्यासाठीच मारली होती! आणि ते माफीचं पत्र दाखवा. आत्ता दाखवा." सभागृहात कुजबुज झाली. अध्यक्ष हसून म्हणाले, "बसा मास्तर, दुःखात माणूस काहीबाही बोलतो." तेव्हा पुढच्या रांगेतून हौसावहिनी उठल्या. माईक त्यांना लागला नाही. "ह्येंनी माफी लिवल्याली न्हाय. लिवली आस्ती तर मी त्येंला भाकरी वाडली नस्ती. मेल्या मानसाच्या नावावर खोटं बोलू नगासा." थीब्जच्या राजाच्या मागं त्याची राणी होती, अहहोतेप. राजा पडल्यावर फौज तिनं सावरली म्हणतात, आणि तिच्या थडग्यात शौर्यपदक म्हणून सोन्याच्या माश्या सापडल्या. दौलू वर्गात हे सांगायचा तेव्हा मला ते पदक विचित्र वाटायचं. त्या दिवशी वाटलं नाही. अध्यक्षांना दोघांनी धरून मागच्या दारानं नेलं.

घरी जाताना मी वहिनींच्या दोन पावलं मागं चाललो होतो. माफी कशी मागावी ते सुचत नव्हतं. गल्लीच्या तोंडाशी त्या थांबल्या. "भावजी, त्येंला ठावं हुतं." मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "त्याच सांजला दावं बगितलं की त्येंनी. म्हनालं, ह्ये तुटल्यालं न्हाय, सुटलंय. गवळ्याच्या घरात आसली गाठ कोन मारत न्हाय, ह्ये हसन्याचंच काम." मी विचारलं, मग चौकशीत बोलला का नाही? वहिनी म्हणाल्या, "मी बी इच्यारलं. म्हनालं, माझं म्हशीवर भागंल. त्याला बिचाऱ्याला म्हस पिळाय येत न्हाय." खरं सांगायचं तर मला दौलूचा भयंकर राग आला. चौदा वर्षं रोज सकाळी समोर बसवून त्यानं मला एका शब्दानं बोलू नये? शिवी दिली असती, दोन ठेवून दिल्या असत्या, तर मी सुटलो असतो. त्यानं हात वरच केला नाही. रागावर रडू आलं आणि रडण्यावर पुन्हा राग.

दुसऱ्या दिवसापासून मी पहाटे वहिनींच्या गोठ्यावर जातो. मुलगी राधानगरीला दिलेली, घरात दुसरं कुणी नाही, म्हशी दोन. "तुमास्नी जमायचं न्हाय," वहिनी म्हणाल्या, आणि ते खरं होतं. पहिले आठ दिवस म्हैस माझ्या हाताला पान्हा सोडेना, दोनदा लाथ खाल्ली, एकदा चष्मा शेणात गेला. बोटं ब्रशला सरावलेली, सडाला नाही. आता एका म्हशीचं थोडंफार निघतं. कट्ट्यावरचे लोक हसतात, हसू देत. परवा अजून नीट उजाडलं नव्हतं तेव्हा एक गडी पितळी चरवी घेऊन आला. अध्यक्षांच्या बंगल्यावरचा. सांगू लागला, "सायेब म्हंत्यात, झालं ते झालं. रोजचा दोन लिटरचा रतीब लावा, पैसं आगाऊ देतो." मी वहिनींकडे पाहिलं. त्यांनी धार थांबवली नाही, मानही वर केली नाही. "तुमी बगा, भावजी," म्हणाल्या. मी माझ्या हातानं पिळलेल्या दुधाचा पेला काठोकाठ भरला आणि गड्याच्या हातात दिला. थंडीत चालत आलेला माणूस, उभ्या उभ्या प्याला. मग त्याची चरवी मी उपडी करून परत दिली. "जाऊन सांग त्येस्नी," मी म्हणालो, "गाठ हसन मास्तरनं मारलीवती. आन दुधाला बी त्योच न्हाय म्हंतोय." गडी मिशीवरचा फेस पुसत, रिकामी चरवी हलवत निघून गेला.